विषय: बारा चौरस मीटर जागा मिळणेबाबत

प्रति,
सन्माननीय घरमालक / घरमालकीण,
म्युनिक शहर व परिसर

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, आपल्या जाहिरातीतली 12 चौरस मीटरची खोली, म्हणजे पुणेरी मापाने जेमतेम 130 चौरस फूट, एका होतकरू विद्यार्थ्यास भाड्याने हवी आहे. सदर विद्यार्थ्याला म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळाला आहे. शहरात अजून मिळायचा आहे.

जाहिरातीत आपण लिहिलं आहे की शनिवार-रविवारी आपल्या घरी जाणाऱ्या भाडेकरूला प्राधान्य. अट रास्त आहे. बव्हेरियात ती काही नवीनही नाही. भाडं महिनाभराचं आणि वावर पाच दिवसांचा, यापरता उत्तम भाडेकरू कुठला? फक्त सदर विद्यार्थ्याचं घर सहा हजार किलोमीटरहून लांब आहे. तरीही शुक्रवारी संध्याकाळी नाहीसं व्हायची त्याची तयारी आहे. तो सिगारेट ओढत नाही, वाद्य वाजवत नाही, रात्री 10 ते सकाळी 6 खोकलासुद्धा दाबून ठेवतो. फोडणीचा विषय आपण जाहिरातीत काढला नाहीत, पण दोन ओळींच्या मधून काढलात. मोहरी तडतडू न देता वरण कसं करावं, याचा त्याचा सराव चालू आहे.

पैशांचं म्हणाल तर ते आहेत आणि बंदिस्त आहेत. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. जर्मन विद्यार्थ्यांच्या सरकारी अर्थसाहाय्याची कमाल रक्कमही तेवढीच, आणि तिच्यात घरभाड्यासाठी धरलेत 380 युरो. उलट मोझेस मेंडेल्सझोन इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीनुसार सामायिक घरातली एक खोली देशात सरासरी 489 युरोंना पडत होती आणि म्युनिकमध्ये 790 ला. सरकार म्हणतं 380, बाजार म्हणतो 790. आणि भाडं आपण घेणार असल्यामुळे बाजाराचं खरं. उरलेल्या 202 युरोंतून सक्तीचा आरोग्यविमा गेला की जेवण हा ऐच्छिक विषय होतो. शिवाय 2024 च्या हिवाळी सत्रापासून याच विद्यापीठाने युरोपीय संघाबाहेरून नव्याने येणाऱ्यांना सत्राला 2,000 ते 6,000 युरो शुल्क लावलं आहे. म्हणजे विद्यार्थ्याची बुद्धी हवी, शुल्क हवं. अडचण होते ती त्याच्या देहाची. तो कुठेतरी ठेवावा लागतो.

अनामत म्हणून तीन महिन्यांचं मूळ भाडं घेण्याचा आपला अधिकार कायद्याने मान्य केला आहे. ती रक्कम तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. हे कलम सदर विद्यार्थ्याला पाठ आहे. ते पाठ आहे हे आपल्याला कळू नये, एवढी काळजी तो घेतो. भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा 2015 मध्ये आला, नवं भाडं परिसरातल्या दरापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त नको असं सांगणारा. मग खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक कुंडी आली, खोली 'फर्निचरसह' झाली, आणि हिशेब धूसर झाला. कुंडीची काळजी सदर विद्यार्थी घेईल.

कागदपत्रांबाबत मात्र थोडी सवलत मागायची आहे. आपल्याला शुफा या पतमापन कंपनीचा दाखला हवा. पत जर्मनीत तयार व्हायची तर आधी बँकेत खातं हवं. बहुतेक बँकांना पत्त्याची नोंदणी हवी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती नोंदणी करा, असा कायदा आहे, आणि 2015 च्या नोव्हेंबरपासून तिच्यासाठी घरमालकाची लेखी पोच लागते. ती पोच आपण देणार, शुफाचा दाखला बघून.

नावाचं काय करावं, हेही कळवावं. 2017 मध्ये बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेने आणि 'श्पीगल' साप्ताहिकाने मिळून एक प्रयोग केला. हाना आणि इस्माइल अशी काल्पनिक माणसं उभी करून दहा शहरांत सुमारे 20,000 अर्ज पाठवले. मजकूर सारखा, फरक नावांचा. जर्मन नावाला बोलावणं आणि अरबी-तुर्की नावाला शांतता, हा प्रकार सगळीकडे दिसला, आणि म्युनिक त्यात पुढे होतं. मराठी आडनावावर तसा प्रयोग झालेला नाही. 'क्षीरसागर' हे नाव फोनवर सांगून झाल्यावर पलीकडे जो विराम येतो, त्यावर एखादा प्रबंध सहज होईल.

आता आपण विचाराल की वसतिगृहं नाहीत का? आहेत. यू-6 ही भुयारी रेल्वे तांत्रिक विद्यापीठाच्या गार्शिंगमधल्या प्रयोगशाळांकडे जाताना आल्टे हाइडेनंतर जमिनीवर येते आणि पुढचंच स्थानक लागतं 'श्टुडेंटनश्टाट', विद्यार्थीनगरी. सुमारे अडीच हजार जागांची ही जर्मनीतली सर्वांत मोठी विद्यार्थी वसाहत. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे आग लागली आणि एका तरुणीचा जीव गेला. त्यात थट्टेसारखं काही नाही. थट्टा पुढे सुरू झाली. तपासणीत अग्निसुरक्षेच्या त्रुटी निघाल्या, इमारती रिकाम्या केल्या, आणि हजाराहून अधिक खोल्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. दुरुस्ती कोणी करायची आणि पैसा कोणाचा, हा खल संपता संपेना. अखेर बायर्नहाइम या राज्य सरकारच्या गृहनिर्माण कंपनीला त्यात उतरवावं लागलं. एवढ्या काळात किती तुकड्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या असतील! विद्यार्थी गाडीच्या खिडकीतून त्या मनोऱ्यांकडे बघत गार्शिंगला जातात आणि तिथे ऊर्जाबचतीवर व्याख्यान ऐकतात. रिकामी खोली विजेचा वापर करत नाही, हे खरंच आहे.

ऑलिंपिक गावातल्या बंगल्यांसाठीही सदर विद्यार्थ्याने अर्ज केला आहे. 1972 च्या खेळांत महिला खेळाडूंसाठी ते बांधले, नंतर विद्यार्थ्यांना दिले, पुढे पाडून नव्याने उभारले. आता 1,052 आहेत. बाहेरची भिंत ज्याने-त्याने हवी तशी रंगवायची, अशी तिथे मुभा आहे. रंग कोणता लावायचा ते त्याने ठरवलंय. प्रतीक्षायादी त्याच्या पदवीपेक्षा लांब आहे.

जुन्या विद्यार्थी-संघटनांच्या हवेल्यांत स्वस्त खोल्या मिळतात. तिथे बहुधा फक्त मुलगे चालतात, टोपी-पट्टा घालून बिअरच्या बैठकीला बसावं लागतं, आणि काहींत अजून खऱ्या तलवारीने द्वंद्व खेळतात. आई फोनवर "खोली मिळाली का रे?" विचारते तेव्हा या पर्यायाची माहिती तिला दिलेली नाही.

त्यापेक्षा 'मदतीच्या बदल्यात निवारा' ही योजना सरळ वाटते. वृद्ध घरमालकाकडे राहायचं, आणि खोली जितके चौरस मीटर तितके तास महिन्याला काम करायचं: बागेतलं गवत, बाजारहाट, संगणकाची कटकट. शुश्रूषा त्यात येत नाही, वीज-पाण्याचे पैसे वेगळे. आपली खोली 12 चौरस मीटरची, म्हणजे 12 तास. या व्यवहारात भाडेकरूचं घरात असणं हाच गुण धरला जातो, त्यामुळे तो आपल्याला पटेल अशी आशा कमी आहे.

हताश होण्याचं कारण नाही, हेही नमूद करावंसं वाटतं. शहरातलं दुसरं विद्यापीठ, लुडविग-माक्सिमिलियान, 1472 मध्ये इंगोलश्टाटला स्थापन झालं, 1800 मध्ये लांड्सहूटला हललं आणि 1826 मध्ये कुठे म्युनिकमध्ये टेकलं. खुद्द विद्यापीठाला इथे जागा मिळायला 354 वर्षं लागली, आणि त्याच्या पाठीशी तर राजा होता.

आपण खोली दाखवायला कधीही बोलवावं. जिन्यात रांग असणार हे धरून सदर विद्यार्थी पाण्याची बाटली घेऊन येईल. 'मालक परदेशी आहेत, अनामत पाठवा, किल्ल्या कुरियरने येतील' अशी पत्रं त्याला पुष्कळ आली आहेत, तेव्हा आपण प्रत्यक्ष भेटलात तरी त्याला भरून येईल.

उत्तर टपालाने धाडू नये. इथल्या इमारतींत दारावर घरांचे क्रमांक बहुधा नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. सदर विद्यार्थी सध्या एका मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून आहे, आणि मित्राच्या घरमालकाला याची कल्पना नसल्यामुळे पेटीवर नाव लावता येत नाही. ते घरमालक आपणच असाल, तर कृपया हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं.

कळावे,
सदर विद्यार्थ्याचा एक हितचिंतक