घरगुती संगणकखरेदीची मीमांसा

कचेरीच्या खर्चाने न घेता घरच्या मिळकतीतून घेतलेला, आणि म्हणूनच ज्याच्या खरेदीत घरातल्या प्रत्येकाला मत असते असा संगणक म्हणजे घरगुती संगणक, अशी व्याख्या केली की या विषयाची निम्मी गुंतागुंत सुरुवातीलाच ध्यानात येते. कचेरीसाठी यंत्र घेताना निविदा मागवतात, सर्वांत कमी दराची स्वीकारतात आणि पुढे ते यंत्र मोडीत निघेपर्यंत त्याला नावे ठेवतात. घरासाठी घेताना निविदेची जागा दुकानांच्या फेऱ्या घेतात आणि नावे ठेवण्याचे काम खरेदीच्या आधीच उरकले जाते. या व्यवहारात यंत्रांची तुलना आणि दुकानांची तुलना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा सर्वसाधारण समज असला तरी प्रत्यक्षात त्यांची फारकत करता येत नाही. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब दुकानातून जे घरी आणते त्यात यंत्राचा वाटा लहान असतो; मोठा वाटा ‘उद्या हे बंद पडले तर येणार कोण’ या प्रश्नाच्या उत्तराचा असतो, आणि प्रत्येक जातीचे दुकान या प्रश्नाचे आपले आपले उत्तर विकत असते.

पहिल्या पिढीच्या यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा छळत नसे, कारण त्यांत बिघडण्याजोगे फार काही नव्हते. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाची पुढची आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात परवाना घेऊन भारतात आणली. तिची स्मृती ४८ किलोबाइट होती, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला पुरणपोळीचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता. तिला स्वतःचा पडदा नव्हता, त्यासाठी घरचा टीव्ही वापरावा लागे. आणि कार्यक्रम कॅसेटवर असल्यामुळे टेपरेकॉर्डर जोडून चारपाच मिनिटे कर्कश किंचाळणे ऐकत बसावे लागे, त्यात आवाजाची पातळी किंचित चुकली की पुन्हा कॅसेट मागे गुंडाळून श्रीगणेशा करावा लागे. या यंत्राचा खरा दोष मात्र त्याच्या पोटात नसून दिवाणखान्यात होता. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ चाले, आणि त्या वेळी टीव्हीची वायर काढून तिथे संगणकाची वायर लावण्याची छाती घरात कोणाचीच नव्हती. संगणकाची उपयुक्तता टीव्ही ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या मर्जीवर ठरत असल्यामुळे गुणदोषांची चर्चा तिथेच मिटत असे.

तुलनेला खरे उधाण आले ते १९९५च्या सुमारास. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, आणि ‘असेंबल्ड’ संगणक, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग एकत्र जोडून तयार केलेला आणि त्यामुळे कोणत्याही एका कंपनीला जाब विचारता येणार नाही असा संगणक, मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. या संगणकाचे तीर्थक्षेत्र म्हणजे मुंबईतला ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते, ते बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाले. परंतु मदरबोर्ड शोधायला निघालेल्या माणसाने टॅक्सीवाल्याला नवे नाव सांगितल्याचे क्वचितच घडले असेल. चोरट्या सॉफ्टवेअरपायी अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०१०च्या आसपास या रस्त्याची नोंद कुप्रसिद्ध बाजारपेठांच्या यादीत केली होती. ज्यांना तोवर तो माहीत नव्हता त्यांची यामुळे सोयच झाली असावी.

लॅमिंग्टन रोडवरील व्यवहाराचा मूलभूत दस्तऐवज म्हणजे ‘कोटेशन’ नावाची वीतभर चिठ्ठी. तिच्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड-माउस असे भाग एकाखाली एक लिहून समोर आकडे टाकलेले असतात. वरच्या भागांना कंपनी आणि मॉडेल असते, खाली खाली येताना तपशील विरळ होत जातो आणि कॅबिनेटच्या ओळीत नुसते ‘१ नग’ एवढेच उरते. घोडे नेमके इथेच पेंड खाते. कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून यंत्राला लागणारी कमी दाबाची वीज बनवणारा डबा, हाच संपूर्ण यंत्राचे आयुर्मान ठरवतो, आणि त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले असले तरी त्या आकड्यामागे वजन किती आहे हे डबा हातात घेऊनच कळते. हलका डबा हा बहुधा हलकाच निघतो. चिठ्ठीवर ‘बॉक्स पीस’ आणि ‘ट्रे पीस’ असाही एक भेद असतो: पहिल्या प्रकारचा प्रोसेसर खोक्यात, पंख्यासह आणि कंपनीच्या तीन वर्षांच्या हमीसह मिळतो, दुसरा दुकानदाराच्या शब्दासह मिळतो. शिवाय “रेट आजचा आहे साहेब, उद्याचं उद्या” हे वाक्य चिठ्ठीवर छापलेले नसले तरी गृहीत धरायचे असते, कारण सुटे भाग आयात होतात, त्यांचा भाव डॉलरवर हलतो आणि डॉलरला गिऱ्हाइकाच्या फेऱ्यांशी कर्तव्य नसते.

‘येणार कोण’ या प्रश्नाचे लॅमिंग्टन रोडचे उत्तर असे की कोणीही येणार नाही, गिऱ्हाइकाने यावे. प्रत्येक भागाची हमी वेगळी, तिची मुदत वेगळी आणि तिचे सर्व्हिस सेंटर वेगळ्या उपनगरात असल्यामुळे दोष कोणत्या भागात आहे हे आधी गिऱ्हाइकालाच ठरवावे लागते, आणि तेवढी विद्या ज्याला येते तो या बाजारात सुखी होतो. पक्के बिल हवे असल्यास भाव वाढतो व नको असल्यास हमीची मुदत संपेपर्यंत दुकानदाराचा चेहरा लक्षात ठेवावा लागतो, हेही या स्वस्ताईच्या हिशेबात धरणे रास्त होईल.

याच्या अगदी उलट टोकाला वातानुकूलित शोरूम उभी आहे. विजय सेल्स हे नाव मुंबईत १९६७ पासून असले आणि टाटा समूहाने २००६ साली क्रोमाचे पहिले दालन मुंबईतच उघडले असले, तरी या प्रकाराचा मूळ गुण कोणत्याही एका नावाशी बांधलेला नाही. तो असा की इथे यंत्राला हात लावून पाहता येतो आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. टेबलांवर लॅपटॉप उघडून मांडलेले असतात, प्रत्येकापुढे एक कार्ड असते, आणि त्यावर खोडलेली छापील किंमत, तिच्याखाली दालनाची किंमत व सर्वांत मोठ्या टायपात मासिक हप्ता असे तीन आकडे असतात. यातली छापील किंमत खोडण्यासाठीच छापलेली असते, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे. हप्त्याच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. तेव्हापासून त्याच वस्तूला ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात, म्हणजे व्याजाइतकी सूट आधी देऊन मग व्याज घेतात आणि त्या व्याजावरचा जीएसटी तेवढा गिऱ्हाइकाकडे ठेवतात. सोबत बॅग, माउस आणि एखादा हेडफोन मोफत मिळतो, आणि आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत ठाऊक असूनही बॅगेचा रंग निवडताना कुटुंबाचा जो वेळ जातो तो प्रोसेसर निवडताना गेलेला नसतो. शोरूममध्ये बिघाडाचे उत्तर टोल-फ्री क्रमांकाच्या रूपात, आणि थोडे पैसे जास्त मोजल्यास वाढीव हमीच्या रूपात मिळते. माणूस येतो, पण त्याआधी तक्रारीला क्रमांक पडतो आणि तो क्रमांक गिऱ्हाइकाला पाठ होतो.

तिसरा प्रकार म्हणजे गल्लीतला गाळा. त्याच्या पाटीवर ‘सेल्स अँड सर्व्हिस’ असे असते, आत झेरॉक्स काढतात, प्रिंटरची काडतुसे भरून मिळतात, सातबारा उतरवून देतात आणि जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरण्यासाठी रांग लागते. संगणकविक्री हा या सर्वांतला सर्वांत कमी चालणारा धंदा असतो. इथला भाव लॅमिंग्टन रोडपेक्षा जास्त असतो, कारण माल तिथूनच येतो, आणि निवड शोरूमपेक्षा कमी असते, कारण गाळ्यात जागा नसते. तरीही हा गाळा टिकून आहे. संगणक सुरू होत नाही व नुसताच ‘बीप बीप’ करतो असा फोन गेल्यावर गाळेवाल्याकडचा मुलगा संध्याकाळी घरी येतो, कॅबिनेटचे झाकण काढतो, आतली वर्षभराची धूळ घरच्या मंडळींना दाखवून त्यांना पुरेसे लाजवतो, रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडेवर शाळेतले खोडरबर चारदा फिरवतो आणि पट्टी परत खटकन बसवतो. यंत्र सुरू होते. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर साचलेला मळ निघून गेल्यामुळे हे घडते, हे विज्ञान सोपे आहे आणि खोडरबर तर घरातच असते. परंतु ते फिरवण्याचे धाडस घरात नसते, आणि व्हिजिटचे पैसे त्या धाडसाचे असतात.

आता यंत्रांच्या गुणांकडे वळल्यास असे दिसते की कंपन्यांनी ते मोजण्याची सोय मुबलक केली आहे, समजण्याची फारशी केलेली नाही. इंटेलचा आय-३ कमी, आय-५ मध्यम आणि आय-७ भारी, एवढे ज्ञान सोसायटीच्या जिन्यातसुद्धा मिळते. परंतु या आकड्याइतकीच त्यापुढची पिढीही महत्त्वाची असून बाराव्या पिढीचा डेस्कटॉपमधला आय-३ सातव्या पिढीच्या आय-७ला बहुतेक कामांत मागे टाकतो, ही गोष्ट जुना आय-७ स्वस्तात पदरात पाडून घेतल्यावर कळते. ही विद्या लोकांच्या अंगवळणी पडत आहे असे दिसताच इंटेलने २०२३ साली नव्या प्रोसेसरांच्या नावांतून ‘आय’ हे अक्षरच गाळण्याचे जाहीर केले. हार्ड डिस्कचे गणित याहून जुने आहे: बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात, विंडोज १०२४च्या पटीने मोजते, त्यामुळे खोक्यावरची १ टेराबाइट घरी आल्यावर ९३१ गिगाबाइट भरते, आणि उरलेली ६९ दुकानदाराने काढून घेतली असावी असा संशय घरातल्या ज्येष्ठांच्या मनातून कधीच पुरता जात नाही. एकेकाळी संगणकासोबत मिळणाऱ्या स्पीकरांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॅट छापलेले असत. या मापाला सर्वमान्य मानक नसल्यामुळे तो आकडा ध्वनीपेक्षा उत्साहाचा निदर्शक मानणे योग्य ठरेल.

डेस्कटॉप की लॅपटॉप हा वाद महाराष्ट्रात भारनियमनाने बराचसा सोडवला. डेस्कटॉपसाठी यूपीएस घ्यावा लागतो, आणि त्यावर लिहिलेले ६०० हे वॅट नसून व्होल्ट-अँपियर असल्यामुळे स्वस्त यूपीएसमध्ये हाती साधारण ३६० वॅटच पडतात, तेही चालू काम साठवून यंत्र बंद करण्यापुरतेच. लॅपटॉप बॅटरीवर दोनचार तास चालतो. मात्र तो उचलून नेता येत असल्यामुळे घरात तो कोणाचा हा वाद नव्याने उभा राहतो, जो टेबलाला जखडलेल्या डेस्कटॉपने कधी उपस्थित केला नव्हता. वेगाच्या दृष्टीने पाहिल्यास फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून त्या जागी एसएसडी, म्हणजे हलते भाग नसलेली साठवण, बसवण्याइतका ठळक फरक जुन्या यंत्रात दुसऱ्या कशानेही पडत नाही. पण ही सूचना नवा संगणक विकायला बसलेल्या माणसाने स्वतःहून केल्यास त्याच्या धंद्याबद्दल काळजी वाटणे साहजिक आहे.

या सगळ्या आकड्यांचा निवाडा करण्यासाठी प्रत्येक कुटुंबात ‘त्यातलं कळणारा’ एक भाचा किंवा पुतण्या असतो. तो हिंजवडीला असल्यास असेंबल्ड सुचवतो, न्यू जर्सीला असल्यास ॲपल सुचवतो, आणि त्याचे वर्षाकाठचे उत्पन्न हा त्याच्या मताचा पुरावा धरला जातो. मात्र अनुभवी भाचे हळूहळू एकाच उत्तरावर येतात, ते असे की “मावशी, तुमच्या तिथल्या दुकानातूनच घे”. वरकरणी हे ज्ञानाचे दारिद्र्य वाटले तरी त्यामागे पूर्वीच्या सल्ल्यांचा अनुभव असतो: ज्याने यंत्र सुचवले, त्याला त्या यंत्राचा प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक व्हायरस आणि प्रिंटरमध्ये अडकलेला प्रत्येक कागद जन्मभर निस्तरावा लागतो, आणि गरज सरो वैद्य मरो हा नियम इथे लागू पडत नाही, कारण गरज सरत नाही. भाच्याने गल्लीतल्या गाळ्याकडे बोट दाखवणे म्हणजे ‘येणार कोण’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करून देणे होय.

यावरून दुकानांच्या तुलनेचा एक व्यवहार्य नियम काढता येतो. ज्याला स्वतः यंत्र उघडता येते त्याने लॅमिंग्टन रोड गाठावा व वाचलेल्या पैशात चांगला एसएमपीएस घ्यावा; ज्याला तक्रारीचा क्रमांक जपून ठेवण्याची शिस्त आहे त्याने शोरूममध्ये जावे; आणि ज्याला यांपैकी काहीच जमत नाही, म्हणजे बहुसंख्यांनी, गिगाबाइट आणि पिढ्यांचा तक्ता घडी घालून खिशात ठेवावा, दुकानदाराकडून दुरुस्तीसाठी फोन करायचा नंबर लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी तिथल्या तिथे तो एकदा लावून पाहावा. सूचनांसाठी एक दाबा असे उत्तर आले तर निर्णय पुढच्या दिवाळीवर ढकलावा; दुकानातच कोणाचा तरी खिसा वाजला, तर समोर असेल तो संगणक घ्यावा.