ओट्यापुढचे दोन फूट

मुंबईतील तमाम वास्तुरचनाकार, विकासक आणि नकाशावर मंजुरीचा शिक्का उमटवणारे महोदय यांस,

स. न. वि. वि.

प्रथम आपले अभिनंदन. फ्लॅटच्या नकाशात आपण बेडरूममध्ये पलंग आणि हॉलमध्ये सोफा न चुकता काढता. स्वयंपाकघरात मात्र ओट्याची एक काटकोनी रेघ आणि शेगडीची चार वर्तुळे काढली की हात झटकता. तांदळाचा डबा, पाण्याचे पिंप, कांदे-बटाट्यांची टोपली, खरकट्या भांड्यांचा ढीग, भरलेला आणि रिकामा असे दोन सिलिंडर, उघडताच वाट अडवणारे फ्रिजचे दार, हा सगळा घोर आपण राहणाऱ्यांवर सोपवला आहे. ते तो निमूटपणे वाहतात आणि आपण म्हणता, मुंबईकर कुठेही ॲडजस्ट होतो. माझे म्हणणे एवढेच, की ही ॲडजस्टमेंट म्हणजे आपण न केलेले काम आहे. घरोघरच्या बायका ते पिढ्यान् पिढ्या फुकट करत आल्या आहेत. आपल्या फीमधून त्यांचा वाटा निदान हिशेबापुरता तरी वेगळा काढावा.

परंपरा जुनी आहे, हे मान्य. 1920 च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून 207 बीडीडी चाळी बांधल्या. एका चाळीत 80 खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. पोटमाळा, भिंतीवरची मांडणी, मोरीपुढचा पडदा, दिवसा कॉटखाली सरकणारी अंथरुणे, हे सारे शोध राहणाऱ्यांचे. गिरणगावातल्या असल्याच खोल्यांतून बायकांनी खानावळी चालवल्या आणि गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घातले. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. म्हणजे हा धंदा आहे हे बँकेलाही पटले, पण धंद्याची जागा म्हणून त्या खोलीकडे कोणी पाहिले नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने नव्या कारखान्यात दर कामगारामागे 14.2 घनमीटर जागा मागितली. त्या कामगाराचा डबा भरणारीच्या वाट्याला 14.2 हा आकडा आला, तो फक्त सिलिंडरमधल्या गॅसच्या किलोंत.

आपण म्हणाल, जागाच नाही तर करणार काय? फ्रँकफर्टमध्येही ती नव्हती. तिथल्या स्वस्त घरांसाठी 1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जे स्वयंपाकघर आखले, ते होते साधारण 1.9 बाय 3.4 मीटर, म्हणजे जेमतेम 70 चौरस फूट. त्यांनी शेगडी, ओटा आणि सिंक यांमधली पावले मोजली, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिमुकल्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला, बसून भाजी चिरायला खिडकीपाशी जागा ठेवली, पीठ-साखरेसाठी ओतायला सोपे असे ॲल्युमिनियमचे खण बसवले. हजारो घरांत हे स्वयंपाकघर गेले. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे त्या स्वतःच सांगत. तेव्हा ‘आम्हाला त्यातले कळत नाही’ ही सबबही आपल्याला उरत नाही. त्यांच्या आखणीवर पुढे टीका झाली, की तिथे एकच माणूस मावते आणि बाई बाकीच्या घरापासून तुटते. टीका रास्तच होती. पण चुकलेल्या उत्तरावर वाद तरी घालता येतो, कोऱ्या उत्तरपत्रिकेवर काय घालणार?

शिवाय आपल्याकडे कल्पकता नाही, असे कोण म्हणेल? एफएसआयमध्ये न मोजल्या जाणाऱ्या ‘फ्लॉवर बेड’ची आठवण मुंबईला अजून आहे. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून ते मोजायला सुरुवात होईपर्यंत या वाफ्यांचे भाव खोलीच्याच दराने लागत, आणि त्यांत जास्वंदीपेक्षा वॉशिंग मशीनच अधिक उगवली. एवढी बुद्धी ज्यांना चौरस फूट लपवायला सुचते, त्यांना ओट्याखाली सिलिंडर बदलताना कुणाची पाठ मोडणार नाही एवढे सुचू नये?

दुसरा आक्षेप हळवा आहे: चाळीत लोक सुखी होते, अडचणीतच माणुसकी फुलली. फुलली खरी, पण ती फुलायला गॅलरी होती. तांदूळ निवडायला, पापड वाळवायला, धुरातून क्षणभर बाहेर यायला. आपण गॅलरी काढून घेतली आणि अडचण तेवढी जपून ठेवली. (चाळीच्या गोड आठवणी लिहिणारे बहुतेक जण पाटावर बसून जेवणारे होते, हेही लक्षात घ्यावे.) झोपडपट्टी पुनर्वसनातले घर 225 वरून 269 आणि मग 300 चौरस फुटांवर आले, बीडीडीवाल्यांना 500 मिळत आहेत. फूट वाढले ते चांगलेच झाले, पण त्यांतले ओट्यापुढे किती, हा प्रश्न कोणत्या मोर्च्यात ऐकू आला? महागड्या टॉवरांत तर आपण भिंतच पाडून ‘ओपन किचन’ दिलेत. मिरचीची फोडणी पडली की हॉलमधले पाहुणे आपोआप उठतात.

मागणे फार नाही. नकाशात फ्रिजचे दार उघडे काढा. कणीक मळायला दोन फूट कोरा ओटा दाखवा. त्याची उंची पाच फुटी बाईला विचारून ठरवा, आणि खिडकी डक्टऐवजी मोकळ्या हवेत उघडा. शिक्का त्यानंतर.

कळावे. आपला लोभ आहेच. तो आणखी वाढू नये, ही विनंती.

आपली,
एक बुकिंगधारक