घरच्या लाकडाची चाळ

वैजापूर तालुक्यात कांदाचाळ बांधायची ठरली, की पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं: "लाकूड तर घरचंच आहे!"

घरचं लाकूड म्हणजे बांधावरची बाभूळ, नाहीतर पडक्या माळवदाच्या तुळया. फुकट. खर्च फक्त ट्रॅक्टरच्या भाड्याचा, कापणावळीचा, वाळवीवरच्या औषधाचा, खिळ्यांचा आणि पत्र्यांचा. बांधावर साग असेल तर आणखीच मजा. १९६४च्या वृक्षतोड कायद्यानं स्वतःचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. मजुरी वाचवायला मालक स्वतःच हातात करवत घेतो आणि त्याचा महिन्याभराचा रोज कुठल्याच वहीत चढत नाही.

सरकारी हिशोब मात्र नेटका. फलोत्पादन अभियानाच्या जुन्या निकषात चाळीचा खर्च टनाला ७,००० रुपये धरलेला. अनुदान निम्मं, म्हणजे २५ टनांना ८७,५०० रुपये. पण आधी महाडीबीटीवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, मगच बांधकाम. ज्यानं उत्साहाच्या भरात आधीच खांब रोवले, तो बाद.

शिवाय कांद्याला खालून-बाजूनं वारा लागतो, म्हणून तळ जमिनीपासून उचललेला आणि भिंती फटींच्या. थोडक्यात, सुताराला फटींचेही पैसे मोजायचे.

एवढं सगळं कशासाठी? उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकावा, भाव चढल्यावर विकावा, यासाठी. ऑगस्ट २०२३मध्ये भाव जरा हलताच केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. चाळीत तेव्हा कांदा होता आणि पत्र्यांची उधारी दुकानात.