नऊ धावा कमी पडल्याची थोरवी

कोगनोळीत क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला वेडा म्हणतात. हा मान सहजासहजी मिळत नाही. सचिनच्या कसोटीतल्या धावा १५,९२१ हे शाळकरी पोरही सांगतं, तेवढ्यावर कुणी वेडा ठरत नाही. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ हेही पुरत नाही. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर त्याला शंभराची सरासरी गाठायला फक्त चार धावा हव्या होत्या आणि एरिक हॉलिसनं दुसऱ्याच चेंडूवर त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला, हे सांगता आलं पाहिजे. सांगताना त्या चार धावांसाठी आवाज जड झाला पाहिजे. मग लोक मान्य करतात की, हा कामातून गेला.

शहाण्यांची स्तुती करायला पुष्कळ लोक आहेत. या वेड्यांची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. माझं म्हणणं असं की, ज्याचा कशालाही उपयोग नाही असा आकडा जन्मभर जपणारा माणूस गावाला लागतो. आणि आमच्या गावाला तर फारच लागतो.

कारण आमच्याकडे उपयोगाचे आकडे फार झाले. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं हे गाव, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव. दूधगंगा ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. टोलनाका आमच्या नावाचा. नाक्यावर आकडा, तंबाखूच्या वखारीत वजनाचा आकडा, सातबाऱ्याच्या जागी इथं ‘उतारा’ काढायला गेलं की सर्व्हे नंबराचा आकडा. त्यावर सीमाप्रश्नाचे आकडे. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर. महाजन आयोगानं १९६७ साली अहवाल दिला, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असं म्हटलं. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अजून तिथंच आहे. हे सगळे आकडे माणसं वाटून टाकणारे आहेत. त्यांच्यावर भांडता येतं, निवडणूक लढता येते, पण संध्याकाळी चहाच्या गाड्यावर बसून त्यांच्यात जीव रमत नाही. जीव रमतो तो ४४३ मध्ये.

४४३ नाबाद. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्यातलं पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ धावांत बाद. महाराष्ट्र ४ बाद ८२६. दुसऱ्या विकेटसाठी निंबाळकर आणि भांडारकर यांची ४५५ धावांची भागी, त्यात भांडारकरांच्या २०५. निंबाळकर आठ तासांहून जास्त वेळ खेळत होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्यावेळचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, १९३० साली सिडनीत केलेल्या नाबाद ४५२. नऊ धावा केल्या की बरोबरी, दहा केल्या की जगात पहिला.

आणि मध्यंतराला काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोर साहेब म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. महाराष्ट्राकडून विनंती झाली, दोनच षटकं द्या. नाही म्हणाले. सामान बांधलं आणि संघ घेऊन निघून गेले. सामना महाराष्ट्राला बहाल झाला. निंबाळकरांचे पॅड बांधलेलेच राहिले.

आमच्या गाड्यावर ही गोष्ट निघाली की पहिली शिवी ठाकोर साहेबांना पडते. मी त्यांच्या बाजूनं बोलायला उभा राहतो, आणि मनापासून उभा राहतो. आपल्या संघाचं नाव कुणाच्या तरी विक्रमाखाली कायमचं छापलं जाईल ही लाज त्यांना सोसवेना. म्हणजे आकड्याची किंमत त्या दिवशी मैदानावर त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणालाच कळली नव्हती. ज्याला आकडा क्षुल्लक वाटतो तो दहा धावा देऊन मोकळा होतो आणि घरी जाऊन जेवतो. या माणसानं दहा धावा न देण्यासाठी अख्खा सामना दिला. इतकं निष्ठावान वेड सहसा सापडत नाही.

शिवाय झालं काय ते बघा. समजा, ठाकोर साहेबांनी समंजसपणा दाखवला असता. निंबाळकरांनी ४५३ केल्या असत्या, फार तर पावणेपाचशे. जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ मोहम्मदनं ४९९ केल्या. जून १९९४ मध्ये एजबॅस्टनला ब्रायन लारानं नाबाद ५०१ केल्या. म्हणजे निंबाळकरांचा विक्रम बहुधा दहा वर्षं टिकला असता आणि मग जुन्या विक्रमांच्या रांगेत जाऊन बसला असता. न झालेला विक्रम मात्र कुणाला मोडता येत नाही. रणजी करंडकात आजही ४४३ च्या वर कुणी गेलेलं नाही. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते कोल्हापुरात वारले, तेव्हा त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर होता. इथंही आमचे वेडे हळहळतात की एका दिवसानं त्र्याण्णव हुकली. ही हळहळ मला फार थोर वाटते.

हनीफचं तर काय सांगावं. त्या दिवशीच्या खेळातले शेवटचे दोन चेंडू उरले होते. फलकावर त्याच्या धावा दिसत होत्या ४९६. पाचशे गाठायच्या तर शेवटचा चेंडू आपल्याच वाट्याला यायला हवा, म्हणून तो दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि धावबाद झाला. परत येताना फलकावर ४९९ लागले. फलक लावणारा मागं पडला होता. म्हणजे पाचशेला एकच धाव हवी होती आणि ती त्याला माहीत नव्हती. फलकावरच्या त्या पोराला कुणी नावं ठेवू नयेत. त्याच्या दोन पत्र्यांनी जगातल्या वेड्यांना कायमचं बोलायला दिलं.

आता मुलतान. हा विषय गाड्यावर निघाला की चहा गार होतो. २९ मार्च २००४. सेहवागचं त्रिशतक झालेलं, कसोटीतलं भारताचं पहिलं, ३०९. सचिन १९४ वर नाबाद. युवराज बाद झाला आणि प्रभारी कर्णधार राहुल द्रविडनं ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला.

“सहा धावा काढू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं ओ?”

“पण जिंकलो की आपण. डावानं.”

“जिंकणारच होतो की! दोन दिवस झाले होते नुसते!”

सीमेवर राहणाऱ्याला या भांडणात बाजू घेणं किती अवघड आहे हे मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. १९४ वर थांबलेला महाराष्ट्राचा, थांबवणारा कर्नाटकाचा. पण तो थांबवणारा घरी मराठी बोलणारा. म्हणजे याला सीमावाद म्हणावा तर दोन्ही बाजूंना आपलीच माणसं. माझं मत असं की, ते दोघंही आकड्याशी प्रामाणिक राहिले. सचिनला वाईट वाटलं आणि त्यानं ते लपवलं नाही. त्याच्या नावावर द्विशतकं पुढंही लागली, पण मुलतानचे १९४ त्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा बोलले जातात. द्रविडनं संघाचा आकडा पाहिला. आणि आमच्या गावातल्या त्या दोन म्हाताऱ्यांनी वीस वर्षं उलटली तरी एकमेकांना सोडलेलं नाही, रोज संध्याकाळी नव्यानं त्या सहा धावांसाठी बसतात. सहा धावा झाल्या असत्या तर त्यांनी कशावर बोलायचं होतं?

याच द्रविडच्या एका बॅटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ती त्यानं सांगलीच्या एका मुलाला सही करून दिली होती. बॅट कपाटात ठेवायची होती. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीनं ती हातात घेऊन पाहिली, तोल आवडला, आणि तिनं ती खेळायलाच काढली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी, स्मृती मानधना. बॅट कर्नाटकाची, धावा महाराष्ट्राच्या. या २२४ वर कुठल्या राज्यानं दावा सांगावा असा प्रश्न गाड्यावर एकदा निघाला आणि सीमाप्रश्नाच्या इतिहासात प्रथमच दोन्ही बाजूंनी दुसऱ्याला देऊ केलं.

आकड्यासाठी सामना सोडणारा जसा थोर, तसा दुसऱ्याच्या आकड्यासाठी स्वतःची गोलंदाजी बिघडवणाराही. ७ फेब्रुवारी १९९९, दिल्ली, फिरोजशाह कोटला. पाकिस्तानला ४२० हव्या होत्या. पहिल्या विकेटला शंभर लागल्या होत्या. मग कुंबळेनं एका टोकानं माणसं काढायला सुरुवात केली. नऊ झाली. दुसऱ्या टोकाला जवागल श्रीनाथ. कसोटी गोलंदाजाचं सगळं आयुष्य विकेट मिळवण्यासाठी असतं. श्रीनाथनं त्या षटकात यष्ट्यांपासून लांब लांब चेंडू टाकले, वाइड दिले, पण विकेट घेतली नाही. जगातल्या उत्तम वेगवान गोलंदाजांपैकी एक जण जीव तोडून वाईट गोलंदाजी करत होता. मग कुंबळेच्या चेंडूवर वसीम अक्रमचा झेल लक्ष्मणनं घेतला. ७४ धावांत १०. जिम लेकरनं १९५६ साली मँचेस्टरला ५३ धावांत १० घेतले होते, त्यानंतर हाच. धावफलकात श्रीनाथच्या वाइडना वाइडच म्हटलंय. वेडा माणूस मात्र ते वाइड वेगळे मोजतो.

कुंबळे बेंगळुरूचा. पण नाव ज्या गावावरून आलं ते कुंबळा कासरगोड जिल्ह्यात, म्हणजे केरळात. आणि कासरगोडचा भाग कर्नाटकाला द्यावा अशी शिफारस करणारा अहवाल कोणता? तोच, महाजन आयोगाचा. ज्या अहवालात आमची निपाणी आहे त्याच अहवालात कुंबळेच्या नावाचं गाव. हे ज्या दिवशी मला उमगलं त्या दिवसापासून मी ‘१०/७४’ हा आकडा घरचा मानतो. मल्याळम वाचणाऱ्यांनी तो त्यांचा मानला तरी चालेल.

विकेट मिळवून पराभूत झालेलाही आहे. एजाज पटेल, जन्म मुंबईचा, संघ न्यूझीलंडचा. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर ११९ धावांत १०. त्यानंतर त्याचा संघ ६२ धावांत बाद, सामना ३७२ धावांनी गेला. जन्मगावात येऊन दहाच्या दहा माणसं काढायची आणि हरून परत जायचं. शहाण्याला यात काही मिळालं असं दिसणार नाही.

आणि बापू नाडकर्णी, नाशिकचे. जानेवारी १९६४, मद्रास. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य विकेट. सलग २१ षटकं निर्धाव, सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. विकेट एकही नसताना जगभर आठवली जाणारी ही एकच गोलंदाजी. मैदानावर त्या दिवशी काय घडलं असं विचारलं तर काहीच घडलं नाही, आणि ते १३१ वेळा घडलं नाही. २००४ पासून एका निकालाकडे डोळे लावून बसलेल्या गावाला हा थरार समजावून सांगावा लागत नाही.

सांगलीच्या विजय हजारेंबद्दल एकदाच बोलतो, नाहीतर लेख इथंच राहील. पेंटँग्युलर स्पर्धेत त्यांच्या ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यात हजारेंच्या ३०९. भाऊ विवेक यांच्याबरोबर तीनशेची भागी, त्यात भावाच्या २१. एकवीस धावा करून तीनशेच्या भागीत उभं राहणाऱ्या त्या भावाचा पुतळा कुठंतरी असावा, असं मला वाटतं.

हे सगळे आकडे राहिले कशामुळे? कुणीतरी लिहून घेतले म्हणून. वेड्यांचा मूळपुरुष म्हणजे स्कोअरर. आमच्याकडे पीक निघालेल्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. मांडवात माइकवाला असतो, बक्षिसाचा बोकड बांधलेला असतो, आणि एका खुर्चीवर वही मांडीवर घेऊन एक जण बसलेला असतो. त्याला कुणी ओळखत नाही. सामनावीर होत नाही, जेवण शेवटी मिळतं. पण प्रत्येक चेंडूला तो एक टिंब देतो. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढतो. पावसाचा थेंब पडला तर आधी वही शर्टाच्या आत घालतो, मग स्वतः आडोशाला जातो. कोण किती धावांवर बाद झाला यावर हाणामारीची वेळ आली की दोन्ही संघ त्याच्याकडे येतात, आणि तो सांगेल ते मराठी-कन्नड दोन्ही बाजूंना मान्य होतं. एवढा मान या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या कागदाला नाही.

स्पर्धा संपली की ती वही मंडळाच्या ट्रंकेत जाते, आणि पुढच्या गणपतीत रद्दीत. हे थांबलं पाहिजे. कुठल्यातरी वहीत आमचं ४४३ पडून असेल, कुणीतरी नऊ धावांसाठी राहिलेला असेल, आणि त्याच्या नावानं हळहळायला आम्हाला संधीच मिळत नसेल. म्हणून मी ग्रामपंचायतीला अर्ज देणार आहे की, या वह्या जन्म-मृत्यूच्या नोंदीशेजारी, त्याच कपाटात, कुलपात ठेवाव्यात. अर्ज कन्नडमध्ये लागेल. गाड्यावरच्या द्रविडवाल्या म्हाताऱ्यानं तो लिहून द्यायचं कबूल केलंय. अट एकच, मुलतानचा डाव घोषित करणं बरोबर होतं असं वरती एक वाक्य घालायचं. दुसऱ्या म्हाताऱ्याची सही अजून मिळालेली नाही.