40 किलोचा कट्टा आणि 24 बिटांचं गाणं

लागणारं साहित्य: एक स्मार्टफोन, एक डॅक, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, एक इन्व्हर्टर, सुतळीचा तोडा, धानाचे निदान अठरा कट्टे आणि आईची परवानगी. शेवटच्या दोन गोष्टी ऑनलाइन मिळत नाहीत. बाकीचं सगळं आता आमगाव तालुक्यातल्या खेड्यातही घरपोच येतं. घरपोच म्हणजे सामान आणणारा पोट्टा फोन करून "भाऊ, चौकात येता का जी?" असं विचारतो, आणि आपण जातो.

धडा पहिला: आकडे

नवशिक्यानं आधी आकडे पाठ करावेत. 16, 44.1, 320, 1411, 24, 192. हे एकदा तोंडपाठ झाले की गाणं नाही ऐकलं तरी चालतं. पुष्कळ दर्दी तसेच जगतात. तरीही अर्थ हवाच असेल तर तो असा. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हा ठरलं, की आवाजाची लहर सेकंदाला 44,100 वेळा मोजायची आणि दर माप 16 बिटांत लिहायचं. डावं-उजवं मिळून सेकंदाला 1,411 किलोबिट होतात. 44,100 कशासाठी? तर माणसाच्या कानाची धाव फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत, आणि लहर धड पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावी लागते. आता 20,000 हर्ट्झ हे विशीतल्या कानाचं मोजमाप आहे. पन्नाशी उलटली की बऱ्याच जणांना 12-14 हजारांच्या वर काही उमगत नाही. महागडी यंत्रं घेण्याइतका पैसा साधारण त्याच वयात हाती येतो.

पुढचं गणित गोंदियाच्या माणसाला शिकवावं लागत नाही, कारण ते राइस मिलचं आहे. क्विंटलभर धान भरडलं की सरकारी हिशोबानं 67 किलो तांदूळ उतरायला हवा. एमपीथ्रीची मिल याहून कडक. 1,411 तली ती 320 ठेवते, म्हणजे उतारा शंभरी 23. आणि 128 ची जुनी फाइल असली तर 9. कानाला एरवीही जाणवणार नाही असं जे तिला वाटतं, ते ती कोंड्यात काढते. यात तिची अक्कल मोठी आहे, हे कबूल करायला हवं. चांगली 320 ची फाइल आणि सीडी यांतला फरक डोळे मिटून ओळखायला बसलात तर बहुधा हराल. मी हरलो आहे, तेही सातवीतल्या पोरासमोर.

2001 मध्ये आलेला फ्लॅक मात्र भरडत नाही, दाबून भरतो. पोतं लहान दिसतं, उघडलं की दाणा न् दाणा जागेवर. म्हणून सीडीचं तासभर गाणं, एरवी 635 एमबीचं, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्या-पाऊण जागेत मावतं. आमच्या भाच्यानं इंटरनेटवरून एक युक्ती काढली आणि जुन्या पेन ड्राइव्हमधल्या चारशे एमपीथ्री रात्रभरात फ्लॅक करून टाकल्या. पेन ड्राइव्ह भरला, भाचा खूश. त्याला एवढंच सांगितलं, की तांदूळ पेरून धान उगवत नाही बाबू.

(जाता जाता: गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा निघाला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत नॅप्स्टर सुरू होऊन जगाला फुकट गाण्यांची चटक लागली. दोन्ही पंचविशी ओलांडून बसलेत.)

24 बिट आणि 192 किलोहर्ट्झ हे पुढच्या वर्गातले आकडे. अ‍ॅपल म्यूझिकनं ते जून 2021 पासून जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं ते 320 घेऊन, आणि लॉसलेसची घोषणा त्यांनी सप्टेंबर 2025 मध्ये केली. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्यानं या वर्गात बसू नये. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू व्हायच्या आत डेटा संपतो. शिवाय बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून केलेली 192 ची फाइल घेऊ नये. त्या काळच्या यंत्रात सहा-आठ हजार हर्ट्झच्या वरचं काही फारसं शिरतच नसे. त्यामुळे वरच्या सगळ्या जागेत सुईची खरखर तेवढी अत्युच्च दर्जात ऐकायला मिळते.

धडा दुसरा: फोन

हा धडा छोटा. अ‍ॅपमधला दर्जा 'ऑटोमॅटिक'वर असतो, तो 'सर्वोच्च'वर न्यावा. ऑटोमॅटिक म्हणजे नेटवर्कच्या मर्जीवर, आणि नागझिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना त्या मर्जीचा अर्थ माहीत आहे. रात्री वायफायवर उतरवून ठेवावं, दिवसा ऐकावं. ब्लूटूथ टाळावं: तिथे गाणं वाटेत पुन्हा भरडलं जातं, आणि सोनीचं एलडॅक सगळ्यात जोरात धावलं तरी 990 च्या पुढे जात नाही. त्यापेक्षा फोनच्या बुडाला लागणारा बोटभर डॅक घ्यावा. आकड्यांचा आवाज करणं एवढंच त्याचं काम. अँड्रॉइड मात्र वाटेत बसून सगळ्याच गाण्यांना 48 किलोहर्ट्झ करून सोडू शकतो; त्याला बगल देणारं अ‍ॅप शोधावं. डॅकची वायर उंदरांना आवडते. का, ते मला कळलेलं नाही.

धडा तिसरा: करंट

परदेशी मार्गदर्शकांत हा धडा नसतो. त्यांच्याकडे भिंतीतून वीज येते. आपल्याकडे ती येते, जाते, उतरते, आणि मोटारपंप सुरू झाले की मान टाकते. स्पीकरमधून न मागता येणारी 'हूं' ही विजेची 50 हर्ट्झची घरघर किंवा तिची दुप्पट. तिच्यावर पहिला उपाय म्हणजे फोनचा चार्जर, अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही, जे जे एकमेकांना जोडलं आहे ते सगळं एकाच बोर्डावर लावावं. वेगवेगळ्या बोर्डांवरून वेगवेगळं अर्थिंग आलं की घरघर वाढते. काही हुशार लोक प्लगची तिसरी पिन मोडून टाकतात. घरघर जाते, कधी कधी माणूसही. त्यापेक्षा उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जावं. इन्व्हर्टर स्वस्तातला चौकोनी लहरीचा असेल तर तो स्वतःच गातो. साइन वेव्हचा घ्यावा, नाहीतर दिवे गेल्यावर फोन थेट हेडफोनला लावून मुकाट्यानं बसावं.

आणि आता एक वाईट बातमी. तुमच्या खोलीची लांबी 12 फूट असेल (आपल्याकडे मिस्त्री दुसरी लांबी काढतच नाहीत) तर समोरासमोरच्या त्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज येरझारा घालून उभाच राहतो. घरघर 50 ची, खोली 47 ची. दोघींची गट्टी जमते.

धडा चौथा: खोली

इथे जरा बसू या, कारण सगळा खेळ इथला आहे. दहा हजारांचे स्पीकर बऱ्या खोलीत जे वाजतात, ते लाखाचे वाईट खोलीत वाजत नाहीत. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेलं. त्यात बाबांचा रेडिओ असा बोलायचा की बातम्या देणारा ओसरीवर बसलाय असं वाटावं. मग आम्ही प्रगती केली. स्लॅब टाकला, फरशी बसवली, भिंतींना गुळगुळीत पुट्टी मारली. आता खोलीत टाळी वाजवली तर तिची तीन पोरं परत येतात.

स्पीकर आधी सुतळीनं बसवावेत. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत जेवढी सुतळी, तेवढीच दोघांपासून तुमच्या डोक्यापर्यंत. बांधीत सारसांची जोडी माना वर करून आळीपाळीनं ओरडते तेव्हा नर कुठे, मादी कुठे हे डोळे मिटून बोटानं दाखवता येतं ना? तेवढं दिसलं की सुतळी सोडावी.

घुमणं घालवायला बाजारात काळ्या फोमच्या चौकटी मिळतात. दोन इंची फोम टाळ-झांजेचा चुरचुरीतपणा तेवढा खातो, खर्जाला हातही लावत नाही. खर्जाला जाड, जड, दाणेदार काहीतरी लागतं, आणि ते कोपऱ्यात लागतं. मागल्या वर्षी दिवाळीनंतर मळणी झाली, आधारभूत खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागायला वेळ होता, ओसरीवर जागा नव्हती, म्हणून अठरा कट्टे माझ्या खोलीत आले. प्रत्येकी 40 किलो, म्हणजे सव्वासात क्विंटलाला थोडं कमी, स्पीकरच्या मागच्या दोन कोपऱ्यांत नऊ-नऊ. त्या रात्री सहज गाणं लावलं आणि उठून बसलो. तंबोरा तबल्याच्या मागे गेला होता. डग्गा नुसता 'धूं' न करता मींड घेत होता, आणि गायकानं श्वास कुठे घेतला ते कळत होतं. यंत्र तेच, फाइल तीच, खोलीत फक्त धान आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणखी सहा कट्टे आत ओढायला लागलो तेव्हा आई दारात उभी राहिली.

"गाना आयकाले धान काहून लागते रे बाबू?"

मी तिला खर्ज, कोपरे, लहरी असं सगळं समजावलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् उंदरं?"

याला परदेशी मार्गदर्शकांतही उत्तर नाही. खाली लाकडाच्या फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं. म्हणजे मांजराला फिरता येतं, आणि ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनंही तेच बरं. कट्टा ज्यूटचाच असावा. प्लास्टिकच्या पोत्यावरून आवाज घसरतो.

या पद्धतीत एकच अडचण आहे. नंबर लागला की ट्रॅक्टर येतो आणि तुमची ध्वनिव्यवस्था वजनकाट्यावर चढते. त्यामुळे आमच्याकडे उच्च दर्जाच्या संगीताचे दोन हंगाम पडतात: खरिपाचा, दिवाळीपासून नंबर लागेपर्यंत, आणि उन्हाळी धान केलं असेल तर मे अखेरीस पंधरा दिवस. मधल्या काळात एमपीथ्री ऐकावी, काही बिघडत नाही.

धडा पाचवा वीज गेल्यामुळे झाला नाही.

धडा सहावा: वेळ

खरिपाचा हंगाम म्हणजेच मंडईचा हंगाम, ही दुसरी अडचण. भाऊबीज उलटली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि हल्ली मधल्या वेळात डीजे. डीजे तीन शेतांपलीकडे असला तरी त्याचा खर्ज तुमच्या खोलीत येतो, कारण बारीक आवाज वाटेत विरतात, खर्ज विरत नाही. त्याच्यासमोर तुमचे 24 बिट म्हणजे वरातीत हरवलेलं पोर. डीजे थांबला तर हावडा-मुंबई लाइनवरची मालगाडी. ती थांबली तर मिल. खरी शांतता पहाटे दोन ते चार. त्या वेळी शेतातल्या पंपाला लाइट असते आणि तुम्ही पाणी द्यायला बांधीवर असता.

धडा सातवा: काय ऐकावं

यंत्र तपासायला परदेशी लोक जॅझच्या ठरावीक रेकॉर्डी सांगतात. आपण आपल्या कानात मुरलेलं लावावं. पियानो खरा कसा वाजतो हे मला माहीत नाही; ढोलकी खरी कशी वाजते हे माहीत आहे. म्हणून अ‍ॅप उघडून 'दंडार', 'खडी गंमत' असं शोधावं. कोट्यवधी गाण्यांच्या त्या कोठारात आपल्या कामाचं जे हाती येतं ते बहुतेक कुणीतरी गर्दीतून फोनवर घेतलेलं, शिट्ट्यांसकट. रात्रभर चालणारी नाटकं, समोर बसलेला ऑर्गनवाला, तबलेवाला, वन्स मोअर घेत गाणारे नट, हे सगळं सकाळी मंडपाबरोबर गुंडाळलं जातं. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, पण अ‍ॅपचं कोठार अजून तिथवर पोचलेलं नाही.

तेव्हा शेवटची कृती: आपलं गाणं आपणच टिपावं. फोनमध्ये वेव्ह नमुन्यात, 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर मुद्रण करणारं अ‍ॅप घालावं. पातळी अशी ठेवावी की सगळ्यात जोराच्या थापेलाही काटा लाल होणार नाही. 24 बिटांचा खरा उपयोग इथे आहे, हळू टिपलं तरी तळाशी जागा उरते. भोंग्यासमोर उभं राहू नये. शाहीर आणि ढोलकीवाला यांच्यापासून पाच-सहा हातांवर, भोंग्याच्या मागे जागा धरावी. तिथे खडी गंमत जशी उभ्यानं गायली जाते तशी ऐकूही येते.

मी मंडईच्या रात्री असं पाऊण तास टिपलं. पहाटे घरी येऊन, कट्टे जागेवर आहेत हे बघून लावलं. शाहिराचा आवाज डावीकडे अर्धा हात सरकलेला, डफ मागे, तुणतुणं उजवीकडे, सगळं जिथल्या तिथे. मी स्वतःवर खूश होऊन डोळे मिटून बसलो होतो. आई चुलीपुढून उठून आली, दाराला टेकून मिनिटभर ऐकत राहिली.

"ढोलकी उतरली हाये," ती म्हणाली. "थंडीनं. त्यानं तानली नाही."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. उतरलीच होती. दव पडायला लागलं तसं कातडं सैल होत गेलं होतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत ढोलकी तुणतुण्याच्या खाली घसरली होती. तिथे पाच हातांवर उभा असताना मला ते कळलं नव्हतं. घरी कळायला 24 बिट, अठरा कट्टे आणि आई लागली.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर लागला होता, ट्रॅक्टर सात वाजता येणार होता.

नवशिक्यांसाठी सूचना: कट्टे उचलायला माणसं आत येण्याआधी स्पीकरच्या वायरी काढून ठेवाव्यात. हमालाला डावी-उजवी कळत नाही, आणि सकाळी सात वाजता ते समजावण्याची वेळ नसते.