नातवंडांशी मुद्दाम हरू नये

साठी उलटलेला माणूस आणि दहा वर्षांच्या आतलं मूल यांचा घरातला हुद्दा एकच असतो. दोघांनाही उन्हात जाऊ नका म्हणून बजावलं जातं. दोघांच्याही ताटात आंब्याच्या फोडी मोजून पडतात. एकाला गळवं येतील म्हणून, दुसऱ्याची साखर वाढेल म्हणून. जेवणं झाली की दोघांनाही ‘आता जरा पडा’ असा हुकूम होतो, आणि दोघांपैकी कुणीही न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिलं की बाहेरून ‘आतून कडी लावलीय का?’ अशी काळजीची हाक येते. घरातल्या कुठल्याही मोठ्या निर्णयात, सोफ्याचा रंग धरून, दोघांचं मत कुणी विचारत नाही. फरक इतकाच, की मूल त्यावर भोकाड पसरू शकतं; निवृत्त माणसाला पेपर पसरावा लागतो.

त्यामुळे मे महिन्यात नातवंडं घरी आली की ‘आजोबा मुलांना सांभाळतात’ असं जे बाहेरून दिसतं, त्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

आमची दोन नातवंडं सुट्टीत बेंगळुरूहून पुण्याला येतात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. त्यांच्या आधी सूनबाईची यादी येते. ही यादी तिला कुणीतरी फोनवर पाठवलेली असते, आणि तीत आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर करण्याजोगे उपक्रम असतात. उपक्रम हा शब्द दिसला की मी दचकतो. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत मी या शब्दाला घाबरूनच काढली आहेत. यादीत जुन्या बाटल्यांच्या फुलदाण्या असतात, घराण्याचा वंशवृक्ष असतो, कडधान्यं चिकटवून केलेला मोर असतो. (मोर आजीने पहिल्याच दिवशी नामंजूर केला. मूग काय भाव आहेत, असं तिने विचारलं. नातवंडं आल्यापासून मीही तिला आजीच म्हणतो.) यादीतला पहिला उपक्रम होता आजोबांची मुलाखत. धाकट्याने वही-पेन्सिल घेऊन ती सुरू केली.

‘आबा, तुम्ही काय काम करता?’

‘काही नाही. मी रिटायर झालोय.’

‘म्हणजे तुम्हाला सुट्टी आहे?’

‘हो.’

‘मग शाळा कधी सुरू होणार?’

स्वयंपाकघरातून आजीच्या हसण्याचा आवाज आला आणि मुलाखत तिथेच संपली. वहीत त्याने काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.

यादी बाजूला पडली की खरी सुट्टी सुरू होते, आणि ती सुरू होते पत्त्यांनी. दुपारी बाहेर ऊन रणरणत असतं, मोठी माणसं लॅपटॉपसमोर किंवा घोरत असतात, आणि फरशीवर चटई पसरून आमचा डाव बसतो. पत्त्यांची बाराखडी म्हणजे भिकार-सावकार. यात अक्कल लागत नाही, नुसतं नशीब लागतं, म्हणून धाकटा त्यात तरबेज आहे. एकच अडचण, की त्याच सुट्टीत डावाचा निकाल लागेल याची खात्री देता येत नाही. मी कितीदा तरी भिकेला लागायच्या बेतात असताना नेमका हातात ढीग येतो आणि पुन्हा सावकार होतो. एवढा चिवट दिवाळखोर फक्त पत्त्यांतच पाहायला मिळतो.

त्यावरची इयत्ता म्हणजे बदाम सात. हा खेळ आपल्याकडच्या मुलांना नागरिकशास्त्राऐवजी शिकवावा, असं माझं मत आहे. वरवर पाहता यात सत्तीच्या दोन बाजूंना पानं लावत जायचं असतं. खरं कौशल्य लावण्यात नाही, अडवण्यात आहे. आपल्याकडे इस्पिकची अठ्ठी आहे, ती लावली तर सगळ्यांचा मार्ग मोकळा होईल, म्हणून ती हातात दाबून चेहरा भोळा ठेवून बसायचं. थोरलीला हे कुणी शिकवलं नाही. ती पहिल्याच दिवशी अठ्ठी धरून इतक्या शांतपणे बसली, की पुढे ती एखाद्या हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरी होणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

पण आमच्या घरचा खरा सामना पाच-तीन-दोनचा. तीन माणसं, तीस पानं: चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची, आणि वर बदाम-इस्पिकच्या दोन सत्त्या. पहिली पाच पानं पाहून एकाने हुकूम बोलायचा आणि पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, पिसणाऱ्याने दोन. ज्याचे कमी होतील त्याच्याकडून पुढच्या डावात जास्त हात करणारा न बघता पान ओढतो, आणि बदल्यात आपल्याकडचं नको ते पान त्याच्या गळ्यात मारतो. सहा वर्षांच्या मुलाने आपल्या हातातून हुकमाचा एक्का ओढून त्या जागी चौकटची अठ्ठी ठेवावी, आणि वर ‘आबा, रडू नका’ म्हणावं, यासारखा अनुभव कुठल्याही संस्कार शिबिरात मिळत नाही.

इथेच आमच्या घरात तात्त्विक मतभेद झाला. एकदा मी धाकट्याला सलग काही डावांत हरवलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, लॅपटॉप मिटला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाबा, लहान आहे तो. द्या की एखादा हात सोडून.’ मी म्हटलं, ‘तू खेळ.’ तो माझ्या जागी बसला आणि त्याने हातात हुकमाचा राजा असताना शांतपणे दुरी-तिरीच्या लायकीचं पान टाकलं. धाकटा जिंकला. मग पानं गोळा करताना त्याला तो राजा दिसला. त्याने राजाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मला हाक मारली. ‘आबा, तुम्हीच या. बाबांना नको घेऊया. ते खोटं खेळतात.’

आता शेजारीच बसलेली आजी काय करते ते सांगतो. ती नेहमी शोकेसकडे तोंड करून बसते, म्हणजे काचेत समोरच्याची पानं दिसतात. धाकट्याला हे माहीत आहे. थोरलीला माहीत आहे. दोघंही पानं छातीशी धरून खेळतात आणि आजी मान वाकडी करून पाहत राहते. तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. कारण आजी जिंकण्यासाठी लबाडी करते, म्हणजे ती मनापासून खेळते. जो मुद्दाम हरतो तो समोरच्याला खेळगडीच मानत नाही. तो सवलत देत असतो, आणि सवलत कशी असते हे ज्येष्ठ नागरिकांइतकं कुणाला माहीत आहे? रेल्वेने ती २०२० साली बंद केली तेव्हा मी हळहळलो होतो. पण ‘काका, तुम्ही पुढे जा’ म्हणून रांगेत कुणी दया दाखवली की अजूनही मला त्याच्या पायावर पाय द्यावासा वाटतो. धाकट्याचं दुःख मला आतून कळतं ते असं.

तेव्हापासून आमच्या सगळ्या उद्योगांना हा एकच नियम लागू आहे. कुणी कुणावर मेहेरबानी करायची नाही.

वाळवणाची राखण घ्या. आजी अजूनही गच्चीवर कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या घालते. कुरडयांसाठी गहू भिजत पडले की घरभर आंबूस वास सुटतो आणि मुलं नाक धरून फिरतात. चीक शिजला की तीच मुलं वाटी घेऊन रांगेत उभी राहतात, आणि रांगेत तिसरा मी असतो. नंतर आम्हा तिघांना काठी देऊन गच्चीवर बसवतात, कावळ्यांवर लक्ष ठेवायला. सगळा घोटाळा या नेमणुकीतच आहे. अर्धी वाळलेली, वरून कडक आणि आतून ओली साबुदाण्याची पापडी ज्याने खाल्ली आहे त्याला राखणीवर बसवणं ही प्रशासकीय चूक होय. कडेच्या ओळी मोजल्या जातात, मधल्या मोजल्या जात नाहीत, ही गुप्त माहिती मी बालपणापासून बाळगून होतो आणि ती योग्य वयात पुढच्या पिढीच्या हवाली केली. वाटणी मात्र समान. ‘मी लहान आहे, मला जास्त’ हा युक्तिवाद धाकट्याने एकदा केला. ‘मी म्हातारा आहे, माझ्याकडे वेळ कमी आहे’ असं उत्तर मिळाल्यावर त्याने तो मागे घेतला. कावळे पलीकडच्या टाकीवर बसून हे सगळं पाहत असतात. त्यांच्या वाट्याला नुसती बदनामी येते.

पॉटमधल्या आइस्क्रीमलाही हाच न्याय. माळ्यावरून लाकडी बादलीचं जुनं पॉट निघतं, भोवती बर्फ आणि खडेमीठ भरलं जातं. थोरलीने विचारलं, मीठ कशाला? मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्याही खाली वितळायला लागतो आणि वितळता वितळता डब्यातल्या दुधाची उष्णता ओढून घेतो, म्हणून दूध गोठतं, असं मी सांगितलं. सूनबाईने यादीतल्या ‘विज्ञान’ या रकान्यात लगेच टिक केली. दांडा फिरवणं मात्र विज्ञानात मोडत नाही. सुरुवातीला तो हलका असतो तेव्हा मुलं फिरवतात आणि त्यांचे फोटो निघतात. दूध घट्ट होऊन दांडा जड होतो तेव्हा मी फिरवतो आणि फोटो काढणारे आत गेलेले असतात. धाकटा गोणपाट टाकून पॉटवर बसतो, पॉट उडू नये म्हणून. थोरली किती फेरे झाले याचा हिशेब ठेवते. शेवटी डब्यातला पंखा बाहेर निघतो, ज्याला आइस्क्रीमचा पहिला जाड थर चिकटलेला असतो. तो चाटण्याचा मान लहानांचा, असं सगळ्या सुसंस्कृत घरांत मानतात. आमच्याकडे त्यासाठी पानं काटतात. या उन्हाळ्यात माझी राणी निघाली आणि आजीला एक्का.

बाहेर फिरायला नेण्याचीही आमची ठिकाणं ठरलेली आहेत. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ सालापासून धावते आहे. तिच्यात मी बसलो, माझा मुलगा बसला, आता नातवंडं बसतात. पूर्वी तिथे प्राणीही होते. पुढे ते कात्रजला राहायला गेले. आमचे निम्मे नातेवाईकही त्याच सुमारास तिकडे गेले, त्यामुळे दोघांनाही भेटायला एकच बस लागते. फुलराणीत गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर धाकट्याने विचारलं, ‘आबा, ही गाडी कुठे जाते?’

‘जिथून निघते तिथेच येते.’

‘मग जाते कशाला?’

मी त्याला सांगितलं, की तुझे बाबा बेंगळुरूत रोज सकाळी गाडी घेऊन निघतात आणि रात्री परत येतात, त्यांना विचार.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलं कंटाळतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. तिथेही आम्ही स्पर्धा लावली. एकाने वस्तू दाखवायची, दुसऱ्याने पाटी न वाचता तिचा उपयोग सांगायचा. दौती, दिवे, अडकित्ते. नुसते अडकित्तेच इतक्या आकारांचे, की पूर्वीच्या लोकांनी सुपारीवर एवढं डोकं का चालवलं असेल, असं वाटावं. मी दाखवलेली वज्री थोरलीने पेपरवेट ठरवली. आजी म्हणाली, ‘पाय घासायची आहे ती. तुझ्या आबांच्या टाचांना हवी होती.’ संग्रहालय उभारणाऱ्या काका केळकरांनी त्याला आपलं नाव दिलेलं नाही, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं दिलंय, हे मी सांगितलं तेव्हा दोघं थोडा वेळ गप्प झाली. मग धाकटा म्हणाला, ‘म्हणजे हे सगळं राजाचं आहे?’ मी हो म्हटलं. ‘मग इथे हात का नाही लावू देत?’ त्याचा मुद्दा मला पटला. पहारेकऱ्याला पटला नाही.

सुट्टी संपली की हिशेब होतो. निघायच्या आदल्या रात्री पाच-तीन-दोनचा शेवटचा डाव झाला आणि धाकट्याचे माझ्यावर दोन हात निघाले. सकाळी टॅक्सी दाराशी उभी, सामान चढलेलं, आणि हा खाली उतरायला तयार नाही. पुढचा डाव होऊन पानं ओढल्याशिवाय तो जाणार नव्हता. चिरंजीव घड्याळ पाहत म्हणाले, ‘अरे, आबांनी ते माफ करून टाकलं समज.’

‘माफ त्यांनी कसं करायचं?’ थोरली म्हणाली. ‘देणं तर त्यांचंच आहे.’

शेवटी तिनेच कॅलेंडरच्या मागे मजकूर लिहिला: आबांकडून दिवाळीत दोन हात येणे. माझी सही घेतली. साक्षीदार म्हणून आजीने सही केली, आणि सहीच्या खाली स्वतःचा एक हात माझ्या नावावर हळूच वाढवून ठेवला. मग टॅक्सी गेली.

दिवाळीला अजून अवकाश आहे. तोवर हात बसलेला राहावा म्हणून मी सोसायटीतल्या दोन निवृत्त मित्रांबरोबर रोज संध्याकाळी सराव सुरू केला आहे. त्यांतला एक, माझा रक्तदाब वाढू नये म्हणून, मुद्दाम हरतो असा मला संशय आहे. त्याला बदलावं लागणार.