सीमाप्रश्नावर एफ १.२ चा उतारा

सीमाप्रश्न सुटला. १९५६ पासून मोर्च्यांना, आयोगांना, खटल्यांना आणि दोन्हीकडच्या अधिवेशनांना जे जमलं नाही, ते दोन-अडीच लाखांच्या एका काचेनं करून दाखवलं. काच म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स, नाव ८५ मिलिमीटर, एफ १.२. मुक्काम आमच्या फुलफ्रेमरावांच्या कपाटात. या कपाटाला कुलूप आहे, आत दिवा आहे आणि दमटपणा मोजायचा काटाही आहे. पावसाळ्यात बेळगावातल्या भिंतींना ओल येते, पापडांना बुरशी येते, माणसांचे गुडघे धरतात. फुलफ्रेमरावांची काच मात्र ४५ टक्क्यांवर कोरडी ठणठणीत असते. त्यांच्या आईच्या खोलीत गळतंय, पण तो वेगळा विषय.

तोडगा असा. खडेबाजारात उभं राहायचं. समोर मॉडेल, म्हणजे मेहुण्याचा मुलगा. मागे दुकानांची रांग, दुकानांवर पाट्या. नियमानं पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, तेही वरच्या बाजूला. उरलेल्या जागेत मराठीनं आणि इंग्रजीनं आपापसांत बघून घ्यायचं. फुलफ्रेमराव लेन्स पूर्ण उघडतात, बटण दाबतात. पाटी गेली! ६० टक्केही गेले, ४० टक्केही गेले. मागे उरला केशरी-पांढरा डाग. आता ओळखा लिपी. कुठल्या मायच्या लालानं त्या डागावरून मोर्चा काढावा?

यात एक छोटी अडचण आहे, ती फुलफ्रेमरावांना अडचण वाटत नाही. दोन मीटरवरून एफ १.२ ला फोटो काढला तर जेमतेम चार सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. आणखी जवळ गेलात तर तो एका सेंटीमीटरवर येतो. माणसाचं डोकं, सीमाभागातलं असलं तरी, याहून जाड असतं. त्यामुळे मेहुण्याच्या मुलाचा डावा डोळा स्पष्ट, उजवा डोळा वादग्रस्त, आणि कान दोन्ही राज्यांनी सोडून दिलेले. नाकाचा शेंडा कुठल्या हद्दीत येतो, यावर सुनावणी चालू आहे.

याआधी फुलफ्रेमरावांकडे ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स होती. एका हातात मावायची, किंमत एका बऱ्या सायकलीएवढी. १.८ वरून १.२ वर आलं की उजेड सव्वादोन पट मिळतो, किंमत वीस-पंचवीस पट लागते आणि वजन किलोच्या वर जातं. हा हिशेब मी त्यांना एकदा कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, "तुम्हाला क्रीमी बॅकग्राउंडमधलं कळत नाही ओ." नाही कळत. मला मागचा पोस्टमन कळतो, सायकलला टेकलेला दूधवाला कळतो, अर्धवट फाटलेलं नाटकाचं पोस्टर कळतं. त्यांच्या फोटोत या सगळ्यांची मिळून एक गुळगुळीत साय झालेली असते, आणि त्या सायीत एक डोळा तरंगतो.

लेन्स घ्यायच्या आधी बॉडी आली होती. तिच्यासाठी चार महिने अभ्यास झाला. क्रॉप सेन्सर की फुल फ्रेम? ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर घेतल्याशिवाय माणूस पूर्ण होत नाही, असं शेवटी ठरलं. कोल्हापुरात भाव काढला, हुबळीत काढला, गोव्यात काढला. निपाणीच्या एका मित्रानं सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक पडतो तेही काढलं. मग ती आली. फ्रेम फुल झाली. आत काय घ्यायचं, हे मात्र तेव्हापासून राहूनच गेलंय.

एकट्या मराठी माणसाला नावं ठेवतोय असं समजू नका. कन्नड बोलणारे फुलफ्रेमप्पाही आहेत, आणि दोघांची घट्ट मैत्री आहे. दोघांनी मिळून राजहंसगडावर पहाट काढली. दोघांच्याही फोटोत गड नाही, गवताचं एक पातं आहे. दोघांनी मिळून गोकाकला जाऊन ५२ मीटरच्या धबधब्यावर काळा फिल्टर लावला, अर्धा मिनिट शटर उघडं ठेवलं आणि पाण्याचं दूध केलं. पावसाळ्यात घटप्रभा कशी लालभडक होऊन कोसळते ते त्या दुधात शोधा. भाषेवरून त्यांच्यात आजवर एक शब्द झालेला नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीवरून मात्र सहा महिने बोलणं बंद होतं.

आणि कळस म्हणजे फोटोखालची ओळ. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं नाव कागदोपत्री बदललं, तेव्हापासून फोटोखाली बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावर इथल्या भल्याभल्यांची पेनं अडली. फुलफ्रेमरावांचं कधी अडलं नाही. ते लिहितात: 'एफ १.२, १/२०० सेकंद, आयएसओ १००.' झालं. गाव नाही, गल्ली नाही, माणसाचं नाव नाही, तारीख नाही. काचेचा पत्ता पूर्ण, माणूस बेपत्ता.

शिवजयंतीच्या मिरवणुकीचं बघा. आमच्याकडे ती वैशाखात होते, रात्रभर चित्ररथ चालतात, जिवंत देखावे असतात. तालमीतली पोरं महिनाभर राबून अख्खा प्रतापगड ट्रॉलीवर उभा करतात, जनरेटरचा धूर, ढोल, गॅलरीतून वाकलेल्या बायका, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोरं. फुलफ्रेमराव पहिल्या रांगेत, पूर्ण उघड्या लेन्सनं. दुसऱ्या दिवशी फोटो येतो: वाघनखं स्पष्ट, महाराज धूसर, खान अतिधूसर, प्रतापगड रजेवर. वाघनखंही एका हाताचीच, त्यातलं मधलं बोट. खाली अर्थातच, एफ १.२.

आंबोलीत तर या मंडळींचा स्वतंत्र पंथ आहे. पाऊस सुरू झाला की शनिवारी रात्री बेळगावातून गाड्या सुटतात. रेनकोट, बूट, मॅक्रो लेन्स, दोन दोन फ्लॅश. आंबोलीचा एक छोटा भेक आहे, अंगावर वाघासारखे पट्टे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'टायगेरिना' असं वाघाचंच नाव दिलं. हा बापडा जांभ्याच्या कातळावर राहतो, पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालतो. ते कातळ गेलं की तो गेला, एवढा तो त्या जागेला बांधलेला. फोटोत काय असतं? काळंकुट्ट बॅकग्राउंड आणि मध्ये भेक. फ्लॅशचा उजेड मागे पोचतच नाही, मग मागचं सगळं काळं पडतं, आणि त्यालाच 'क्लीन' म्हणायचं असतं. कातळ नाही, डबकं नाही, आंबोली नाही. हाच भेक टेबलावर कोळसा पसरून बसवला असता तरी असाच आला असता. (हे छापू नका, पुढच्या शनिवारी कोळसा घेऊन जातील.)

इथवर मी हसत लिहिलं. आता निपाणी.

निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईचा एक फोटो मला दाखवला गेला. त्याला कुठंतरी बक्षीसही आहे. बिडी वळणारी बाई म्हणजे मांडीवर सूप, सुपात जर्दा, तेंदूचं पान, पानं कापायची कात्री, आणि बघता बघता वळून दोरा बांधणारी बोटं. मजुरी हजार बिड्यांवर मोजतात. त्या बाईचं शहाणपण, कष्ट, उपजीविका, जे काय आहे ते त्या बोटांत आहे. फोटोत बोटं धूसर आहेत. सूप धूसर आहे. पान म्हणजे एक हिरवट ढग. स्पष्ट काय, तर डावा डोळा, आणि त्याच्या भोवतीच्या सुरकुत्या, ज्यांना फुलफ्रेमराव 'टेक्स्चर' म्हणतात. बाईच्या पापण्या मोजता येतात, बिड्या मोजता येत नाहीत! १९८२ साली याच निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांवर कृष्णधवल माहितीपट निघाला होता. तो काढणाऱ्यांकडे असली काच नव्हती, पण बाई काय काम करते आणि कुठं करते, हे कळायला हवं एवढी अक्कल होती. चाळीस वर्षांत काच सुधारली. त्या बाईच्या घामाचं काय करायचं ते अजून आम्हाला कळलेलं नाही, म्हणून आम्ही तिची साय करतो.

पण माझा खरा राग वेगळ्याच फोटोंवर आहे, आणि ते फोटो तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

नवी लेन्स आली की ती तपासावी लागते. कडेपर्यंत धारदार आहे की नाही, रेषा वाकतात का, कोपरे मऊ पडतात का. त्यासाठी सपाट आणि बारीक कलाकुसरीची वस्तू लागते. किल्ल्याच्या तटाचे दगड चालतात. पण सगळ्यात उत्तम म्हणजे अक्षरं. म्हणून फुलफ्रेमराव एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिकाटणं लावून बसले. समोर किराणा-भुसाराचं जुनं दुकान. त्याची लाकडी पाटी पेंटरनं ब्रशनं रंगवलेली, अक्षरांना लाल सावली दिलेली, वर मराठी, खाली कन्नड, कोपऱ्यात इंग्रजी, आणि शेवटी 'आमची कोठेही शाखा नाही'. मी विचारलं, "काय करूलालाय ओ?"

"कोपरा बगूलालोय."

"कुठल्या गल्लीचा?"

"लेन्सचा."

त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, त्यांनी लेन्स एफ ८ वर नेली. कारण तपासणी एफ ८ वरही करतात. तिथं सगळं स्पष्ट येतं. आणि वाचकहो, आलं! पाटी आली, पाटीतला पोपडा आला, गादीवरचे मालक आले, मागचं कॅलेंडर आलं, तराजू, गुळाची ढेप, फळ्यांवर खडूनं लिहिलेले भाव, पायरीवरची एक चप्पल, वरची विजेच्या तारांची गुंतवळ, पलीकडच्या माडीचा कोरीव खांबांचा सज्जा. बेळगावचा असा फोटो मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. फुलफ्रेमरावांनी तो पडद्यावर दुप्पट मोठा करून डावा खालचा कोपरा बघितला, म्हणाले, "जरासा मऊ हाय," आणि पुसून टाकला. कार्डात जागा पाहिजे होती. संध्याकाळी बागेत मेहुण्याच्या मुलाचा डोळा काढायचा होता.

त्या दुकानाचा पुढचा भाग रस्ता रुंदीकरणात गेला. पाटी जळणात गेली की भंगारात, कुणास ठाऊक. पेंटर गेला, आता पाट्या यंत्रावर छापून येतात आणि सगळ्या एकाच कारखान्यात जन्मल्यासारख्या दिसतात. माडी गेली, सज्जा गेला. सत्तर वर्षं आम्ही पाट्यांसाठी भांडतोय. पाट्यांसाठी काचा फुटल्या, बसला काळं फासलं, पोरांवर गुन्हे दाखल झाले, घरटी एक माणूस मोर्च्यात चालला. आणि उद्या कुणी विचारलं, दाखवा तुमच्या गल्लीत पूर्वी कुठल्या भाषेत काय लिहिलेलं होतं, तर दाखवायला आमच्याकडे काय आहे? लाखांचे कॅमेरे गल्लोगल्ली, आणि पुराव्याला केशरी-पांढरा डाग! फुलफ्रेमप्पांकडेही तोच डाग. म्हणजे निदान पुराव्याच्या बाबतीत दोन्ही बाजू समसमान.

फुलफ्रेमरावांच्या आईनं हे माझ्याआधी ओळखलं होतं. शहापुरातल्या जुन्या घरासमोर तिला उभी करून लेकानं फोटो काढला होता. तिनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, "बाळा, ही मी हाय ते कळालं. पण मागं आपलं घर हुतं की रे?"

"आई, ते बॅकग्राउंड असतंय. ते जायलाच पायजे."

पुढच्या वर्षी ते गेलंही. बिल्डरनं पाडलं. त्याला एफ १.२ लागली नाही.

आता तर काच विकत घ्यायचीही गरज उरलेली नाही. बारा-पंधरा हजारांच्या मोबाइलमध्येही पोर्ट्रेटचं बटण येतं, ते मागचं गाव फुकटात पुसून देतं. हिशेब चुकला तर सोबत अर्धा कान आणि चष्म्याची काडीही पुसतं. म्हणजे जे काम करायला पूर्वी फुलफ्रेमरावांसारख्या ऐपतदार माणसाला कर्ज काढावं लागायचं, ते आता शाळेतलं पोर करू शकतं.

तर विनंती एवढीच. काच विकू नका, तिचे हप्ते चालू आहेत हे मला माहीत आहे. फक्त कधीतरी ती कडी एफ ८ पर्यंत फिरवा आणि दोन पावलं मागे व्हा. माणूस येऊ द्या, त्याचं दुकान येऊ द्या, दुकानावरची पाटी येऊ द्या, ती कुठल्या लिपीत आहे ते नंतर बघू. फोटोखाली आयएसओ लिहिलंत तरी हरकत नाही, शेजारी गल्लीचं नाव आणि तारीख लिहा. आणि लेन्स तपासायला काढलेले ते भिंतींचे, पाट्यांचे, दुकानांचे 'फालतू' फोटो पुसणार असाल, तर त्याआधी ते मला पाठवा. कोपरे मऊ असले तरी चालतील.